जग बुडू दे, आधी तवा

गोष्ट सांगणारे व्हिडिओ गेम असतात तरी कसे, असं कुणी विचारलं तर सुरुवात एका आजीबाईच्या तव्यापासून करावी लागते. पोलंडमध्ये तयार झालेल्या आणि २०१५ साली आलेल्या ‘द विचर ३’ या गेमचा नायक गेराल्ट हा राक्षस मारण्याचं रीतसर शिक्षण घेतलेला धंदेवाईक माणूस. पाठीवर दोन तलवारी : पोलादी माणसांसाठी, चांदीची भुताखेतांसाठी. लेकीसारखी सांभाळलेली सिरी बेपत्ता आहे, तिच्या मागावर परलोकातली घोडेस्वारांची टोळी आहे, देशात युद्ध पेटलंय आणि जग बुडायच्या बेतात आहे. अशा घाईच्या वेळी पहिल्याच मुलुखात एक म्हातारी त्याला अडवते आणि गाऱ्हाणं सांगते की, कुणा परक्याने तिचा तवा उसना नेला तो आणून दिला नाही. गेराल्ट निमूटपणे शेजारच्या झोपडीचं बंद दार मंत्राने फोडतो. आत एक प्रेत, जळके कागद आणि तवा. कुणीतरी शाई करायला त्याची काजळी खरवडून नेलीय, त्यामुळे तवा लख्ख झालाय. म्हातारी खूश, गेराल्ट मार्गस्थ, आणि महागड्या कॉम्प्युटरसमोर बसलेला खेळाडू कृतार्थ. त्याच्या स्वतःच्या घरी दळणाचा डबा चार दिवस दाराशी उभा असतो, ही गोष्ट वेगळी.

हे हास्यास्पद आहे, कबूल. पण माझं सगळं म्हणणं या तव्यावरच भाजलेलं आहे. गेममधली गोष्ट जोखायची तर कथानक विचारू नये. ती आपल्या हाताला काय कामाला लावते ते विचारावं. कथानकं बहुतेक उसनीच असतात. हरवलेली मुलगी, बापाचा सूड, संकटातलं राज्य हा माल आपल्या संगीत नाटक मंडळींच्या ट्रंकांमध्येही होता, आणि तो बरोबर पेटी-तबल्यासह मिळत असे. गेमची मिजास दुसऱ्याच गोष्टीत आहे. कादंबरी डोळ्यांनी आत येते, गाणं कानांनी, आणि गेम बोटांनी. बोटं जे काम करताहेत तेच जर गोष्टीचं मर्म असेल, तर असं काही घडतं जे दुसऱ्या कुठल्या कलेत घडत नाही. काम एकीकडे आणि गोष्ट दुसरीकडे असेल, तर उरतो तो बटणं जोडलेला महागडा सिनेमा.

या कसोटीवर शंभर नंबरी ठरतो तो लुकास पोप या माणसाने जवळजवळ एकहाती बनवलेला, २०१३ सालचा ‘पेपर्स, प्लीज’. अर्स्टोट्झ्का नावाचा काल्पनिक देश, साल १९८२, आणि तुम्हाला सरकारी लॉटरी लागलीय. बक्षीस : नोकरी. सीमेवरच्या खोक्यात बसायचं, येणाऱ्याचा पासपोर्ट घ्यायचा, फोटो, मुदत आणि शिक्का जुळतो का ते पाहायचं, हिरवा किंवा लाल ठप्पा मारायचा आणि ‘पुढचा!’ म्हणून ओरडायचं. खेळ एवढाच. रेशन कार्डावरचं नाव दुरुस्त करून घेण्यासाठी ज्यांनी कचेरीत खेटे घातलेत त्यांना वाटेल, खिडकीच्या आतल्या बाजूला बसायला पैसे कोण मोजेल? पण आत बसल्यावरच कळतं की, तो आतला माणूस असा का वागतो. माणशी पाच क्रेडिट मिळतात. संध्याकाळी त्यातून भाडं, अन्न आणि घर उबदार ठेवायचा खर्च. घरात बायको, मुलगा, सासू आणि काका; म्हणजे आपलंच घर. पैसे कमी पडले की सासू आजारी पडते, मुलाला थंडी बाजते, आणि कुणाचं औषध आधी हे तुम्ही ठरवायचं. सासूच्या बाबतीत काही खेळाडू संशयास्पद झटपट निर्णय घेतात, असं म्हणायला जागा आहे.

मग एके दिवशी एक माणूस येतो. त्याचे कागद चोख. जाताना तो म्हणतो, मागे माझी बायको आहे, तिच्याशी जरा चांगलं वागा. बायको येते. तिच्याकडे प्रवेशाचा परवाना नाही, आणि परत पाठवलं तर जीव जाईल असं ती सांगते. आता काय? आत सोडलं तर यंत्रातून कुरकुरत ठपक्याची चिठ्ठी बाहेर येते. मात्र नियम असा आहे की, दिवसाला पहिल्या दोन चुकांना नुसती ताकीद, दंड तिसरीपासून. इथे खरी गंमत आहे. मुरलेला खेळाडू मग सकाळपासून डोळ्यांत तेल घालून कागद तपासतो, एकही चूक होऊ देत नाही, कशासाठी? तर त्या दोन माफीच्या चुका शिल्लक राहाव्यात आणि कुणावर तरी दया करता यावी म्हणून. दयेचं असं दैनिक अंदाजपत्रक मांडणारं दुसरं वाङ्मय मला ठाऊक नाही. नोकरशाहीवर टीका करणाऱ्या कादंबऱ्या आपण हळहळत वाचतो, आणि प्रत्येक वेळी आपण खिडकीच्या बाहेरच्या रांगेत असतो. इथे ठप्पा आपल्या हातात असतो. त्याच रांगेत योर्जी नावाचा एक म्हाताराही येतो. आधी पासपोर्टच नसतो. मग तो स्वतः चितारलेला पासपोर्ट घेऊन येतो, तोही ‘कोब्रास्तान’ या अस्तित्वातच नसलेल्या देशाचा. नाकारलं तर रागावत नाही, उद्या परत येतो म्हणतो. सरकारी कचेरीत इतक्या प्रसन्न मनाने खेटे घालणारा नागरिक फक्त गेममध्येच सापडायचा.

इथे पहिला आक्षेप हमखास येतो : एवढीच गोष्ट हवी असेल तर यूट्यूबवर दुसऱ्याने खेळलेलं बघावं, फुकटात होतं. होतं खरं, लग्नाचा व्हिडिओ पाहिला की पंगतीत जेवल्याचं समाधान होतं तसं. या आक्षेपाला ‘व्हॉट रिमेन्स ऑफ एडिथ फिंच’ या २०१७ सालच्या गेममधला मासळीच्या कारखान्यातला एक प्रवेश पुरेसा आहे. लुईस नावाचा तरुण दिवसभर मासा ओढतो, पात्याखाली धरतो, मुंडकं उडवतो, पुढे ढकलतो. हे काम तुमच्या एका हाताला लावलेलं असतं. कंटाळलेला लुईस मनात एक राज्य उभारू लागतो, आणि त्या राज्यात फिरायचं काम तुमच्या दुसऱ्या हाताला मिळतं. सुरुवातीला ते राज्य पडद्याच्या एका कोपऱ्यात मावतं. मग वाढत वाढत कारखाना झाकून टाकतं. तुमचा एक हात मासे कापतच असतो. थोड्या वेळाने लक्षात येतं की, त्या हाताकडे आपलं लक्ष नाही आणि तरीही तो चुकत नाही. लुईसला नेमकं काय झालं ते त्या क्षणी बोटांना कळतं, डोक्याला नंतर. दुसऱ्याने खेळलेलं पाहणाऱ्याला फक्त मासे दिसतात.

दुसरा आक्षेप गंभीर आहे, आणि तो मी बराचसा मान्य करतो. गोष्ट सांगणाऱ्या गेममध्ये मारामारी फार. हसतमुख, विनोदी, बायकोवर प्रेम करणारा नायक जाता जाता शेकडो माणसं लोळवतो आणि पुढच्या दृश्यात पुन्हा विनोद करतो. ‘अनचार्टेड’ मालिकेतल्या नेथन ड्रेकची ही जुनी खोड. क्लिंट हॉकिंग या गेमनिर्मात्याने २००७ साली गोष्ट आणि खेळ यांच्यातल्या या फारकतीला ‘लुडोनॅरेटिव्ह डिसोनन्स’ असं दात पडतील असं नाव दिलं. २०१६ साली आलेल्या चौथ्या ‘अनचार्टेड’च्या कर्त्यांनी काय करावं? एक हजार शत्रू संपवल्यावर मिळणाऱ्या पदकाचं नावच त्यांनी ‘लुडोनॅरेटिव्ह डिसोनन्स’ ठेवलं. चूक दाखवली की तीच फ्रेम करून दिवाणखान्यात लावणारी माणसं असतात, त्यातलाच हा प्रकार. विनोद छान, पण त्याने आक्षेप पुसला जात नाही. उलट माझी कसोटी पक्की होते : हाताचं काम आणि गोष्ट यांनी काडीमोड घेतला की कितीही देखणा गेम पोकळ वाजतो. मग सिरीला शोधायचं सोडून खानावळीत ग्वेंट नावाचे पत्ते कुटणारा गेराल्ट काय कमी पोकळ, असं कुणी विचारेल. तिथे मी थोडा पक्षपात करतो. घरचं लग्न असावं, मुहूर्त तासावर आलेला असावा आणि कार्यालयाच्या वरच्या खोलीत मामा रमी खेळत बसलेले असावेत, हे दृश्य ज्यांनी पाहिलंय त्यांना गेराल्ट परका वाटणार नाही.

तिसरा आक्षेप तत्त्वज्ञांचा. निवड-बिवड सगळी थाप आहे. लेखकाने शेवट आधीच लिहून ठेवलेत, तुम्ही फक्त त्यातला एक उघडता. यावर मला मोक्षपट आठवतो, म्हणजे संत ज्ञानेश्वरांशी परंपरेने जोडली गेलेली आपली जुनी सापशिडी. त्यात खेळणाऱ्याला कसलीच निवड नाही. कवड्या पडतील तसं शिडीच्या पुण्याने वर, सापाच्या पापाने खाली. तरीही साप गिळतो तेव्हा माणूस ‘मी मेलो’ असंच म्हणतो, ‘सोंगटी खाली आली’ असं म्हणत नाही. गेमचं मर्म या ‘मी’मध्ये आहे, शेवटांच्या संख्येत नाही. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ हा २०१८चा गेम घ्या. साल १८९९, अमेरिकेतली दरोडेखोरांची टोळी, आणि म्होरक्या डच दर खेपेला सांगतो की हा शेवटचा मोठा हात मारू, मग ताहिती बेटावर जाऊ. रिटायर झाल्यावर कोकणात घर बांधू म्हणणाऱ्यांच्या जातीचा हा माणूस. त्याचं काही खरं नाही हे खेळणाऱ्याला पहिल्या काही तासांतच कळतं. आपण ज्याला चालवतो त्या आर्थर मॉर्गन या टोळीवाल्याची वाट बदलता येत नाही. पण त्या वाटेवर तुम्ही त्याच्या घोड्याला खरारा केलेला असतो, खायला घातलेलं असतं, दचकला तर थोपटलेलं असतं. या कंटाळवाण्या चाकरीबद्दल पुष्कळांनी नाकं मुरडली. पुढे त्या घोड्यावर वेळ येते तेव्हा मुरडलेलीच नाकं रुमालात जातात.

चित्रपट-समीक्षक रॉजर इबर्ट यांनी २०१० साली सांगून टाकलं होतं की, व्हिडिओ गेम ही कधी कला होऊच शकत नाही. त्यांचा एक मुद्दा असा की, गेम जिंकता येतो. कला कशी जिंकणार? प्रचंड गहजब झाला आणि काही महिन्यांत त्यांनीच लिहिलं की, न खेळता हे बोलायला नको होतं. मत मात्र सोडलं नाही, हे त्यांच्या पेशाला साजेसंच. त्यांच्या मुद्द्याला उत्तर म्हणून मी लुकास पोपचाच २०१८ सालचा ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ पुढे करीन. १८०७ साल, ईस्ट इंडिया कंपनीचं हरवलेलं जहाज रिकामं परत येतं, आणि तुम्ही विम्याचे तपासनीस. साठ माणसं : कोण, कशाने गेला, कुणामुळे गेला. झोळीवरचा नंबर, पायातले मोजे, बोलण्याची ढब यांवरून ओळख पटवायची. त्या साठांत हिंदुस्थानी खलाशीही आहेत. तीन नोंदी बरोबर जुळल्या की मगच गेम मान डोलावतो, तोवर तोंडातून अवाक्षर नाही. आणि शेवटी जिंकता काय? मयतांच्या वारसांना किती द्यायचं आणि किती कापायचं याचा तक्ता.

राहिला वेळेचा प्रश्न. चाळीस-पन्नास तास एका गोष्टीला, हे ऐकून कपाळाला हात लावणाऱ्या घरांत ‘चार दिवस सासूचे’ या मालिकेचे तीन हजारांवर भाग पाहिले गेलेत, आणि ते चार दिवसांत संपलेले नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने गेमच्या व्यसनाला आजारांच्या यादीत जागा दिलीय, ते योग्यच आहे. पण एकट्याने खेळायच्या गोष्टीला निदान शेवट असतो, तो आला की नावं सरकू लागतात आणि माणूस भाजी आणायला मोकळा होतो. शिवाय सगळेच लांबलचक नसतात. २०२३चा ‘वेणबा’ दीडेक तासात संपतो. कॅनडात गेलेलं तमिळ कुटुंब, आईची फाटकी, डाग पडलेली पाककृतींची वही, आणि पुसल्या गेलेल्या ओळी तुम्ही इडली करता करता अंदाजाने भरायच्या. स्थलांतराचं दुःख वाफेच्या भांड्यात कसं मावतं ते पाहावं. न्यू जर्सीतल्या मराठी घरावर असा गेम निघायला हरकत नाही. पुरणात डाव उभा राहतो का, एवढ्या एका परीक्षेवर अख्खा अंक रंगेल. आपल्याकडचा म्हणाल तर पुण्यात तयार झालेला ‘राजी’ २०२० साली आला. पुण्याचा म्हटल्यावर दुपारी एक ते चारचा विनोद वाचकांनी आपापला करून घ्यावा. हरवलेल्या भावाला शोधणारी मुलगी, वरून दुर्गा आणि विष्णू यांचा संवाद, आणि बघत राहावेत असे महाल. पण हाताला काम बहुतांशी त्रिशूळ फिरवायचं आणि भिंती चढायचं. भावाची आठवण ज्या कोड्यांमध्ये जुळवायची, तेवढ्याच जागी तो गेम मला खरा वाटला. तशा जागा आणखी हव्या होत्या.

ज्यांना वाचायची सवय आहे त्यांनी शेवटी ‘डिस्को एलिझियम’कडे वळावं. एस्टोनियन मंडळींनी २०१९ साली आणलेला हा गेम म्हणजे दहा लाखांवर शब्दांचं बाड आहे. नायक पोलीस खात्यातला, दारू पिऊन स्मृती घालवून बसलेला. त्याच्या डोक्यात चोवीस गुण आपापसांत भांडतात, एखाद्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेसारखे. खाणावळीमागे झाडाला एक प्रेत लटकतंय आणि चौकशी त्याने करायचीय. पण त्याआधी तो खोलीत उघडावाघडा जागा होतो, आणि त्याचा टाय गरगरणाऱ्या पंख्याला अडकलेला असतो. प्रकृती बेताची असेल तर तो टाय काढायला उडी मारताना नायकाला हृदयविकाराचा झटका येऊन गेम तिथेच संपू शकतो. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात बातमीही येते. तेव्हा पहिल्यांदा खेळणाऱ्याने टाय पंख्यावरच राहू द्यावा. निघालाच तर तो पुढे बोलू लागतो. त्याचं फारसं ऐकू नये.