९९.९ टक्के नंदुरबार

नंदुरबारच्या माणसाला दिल्लीहून कुणी काही विचारायला येत नाही, ही आपली जुनी तक्रार. ती आता मागे घ्यावी लागेल. एप्रिल २०२३ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने ठराव केला की देशातल्या ९९.९ टक्क्यांहून जास्त लोकांचा समलिंगी विवाहाला विरोध आहे. दशांशासकट आकडा घरोघर गेल्याशिवाय निघत नाही. म्हणजे वकील मंडळी तोरणमाळचा घाट चढली असणार. नर्मदेच्या फुगवट्यातून होडीने मणिबेलीला गेली असणार. धडगावच्या बाजारात मोहाची फुलं घेऊन बसलेल्या बाईला त्यांनी पावरीतून विचारलं असणार, की बाई, कलम अमुकबद्दल आपलं मत काय? आपल्याला पत्ता लागला नाही, एवढंच.

२०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १६,४८,२९५ होती. त्यातून ९९.९ टक्के वजा केले की उरतात १,६४८. सहा तालुक्यांत वाटले तर तालुक्याला पावणेतीनशे. नवापूरच्या आठवडे बाजारात एवढी माणसं नुसती कोंबडीच्या भावावरून हुज्जत घालत असतात. २०२३ मध्येच प्यू नावाच्या अमेरिकन संस्थेनेही भारतात हाच प्रश्न विचारला, तेव्हा ५३ टक्के लोक बाजूने निघाले. पण त्या संस्थेने लोकांना प्रत्यक्ष विचारलं होतं. तिथेच तिचा घोळ झाला.

या विषयाचे एक उपकार मात्र मानायला हवेत. सण आला की पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक बसते. मिरवणूक कोणत्या गल्लीतून, भोंगा किती वाजेपर्यंत, गुलाल कुठल्या वळणापर्यंत, यावर चहाचे दोन फेरे होतात आणि तरी सगळे एकमेकांकडे तिरकेच बघत उठतात. राष्ट्रीय एकात्मतेच्या शिबिरांना जे जमलं नाही, ते दोन पुरुषांच्या लग्नाच्या नुसत्या कल्पनेने जमवून आणलं. जुलै २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असा निकाल दिला. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात ज्यांच्या नावाने अपील उभं राहिलं ते गृहस्थ ज्योतिषी होते. मागोमाग मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड आलं, अपोस्टॉलिक चर्चेसची आघाडी आली, सनातन धर्म प्रतिनिधी सभा आली. एका ओळीत, एका बाजूला, एकही दगड न उडता! ग्रहमान बघूनच गेले असावेत, कारण डिसेंबर २०१३ चा निकाल त्यांच्या बाजूने लागला. सप्टेंबर २०१८ चा उलटा निकाल मात्र त्या पत्रिकेत दिसला नसावा.

मग २०२३ साली लग्नाचा प्रश्न आला. जमियत उलेमा-ए-हिंद आणि अखिल भारतीय संत समिती दोघेही विरोध करायला न्यायालयात हजर. संघाचे दत्तात्रेय होसबाळे यांनी विवाह हा संस्कार आहे असं सांगितलं, आणि स्त्री-पुरुषाखेरीज लग्न नाही यावर मौलाना, महंत, पाद्री सगळ्यांचं एकमत झालं. यांच्यापैकी एकाच्या पोराने दुसऱ्याच्या पोरीशी लग्न करायचं म्हटलं असतं तर हेच एकमत किती वेळ टिकलं असतं, ते आपण शांतता समितीला विचारू. निदान त्या जोडप्यात एक स्त्री आणि एक पुरुष असतो. पण महाराष्ट्र सरकारला तेवढ्यानेही समाधान नव्हतं. १३ डिसेंबर २०२२ रोजी आंतरजातीय आणि आंतरधर्मीय लग्नांची माहिती ठेवणारी समिती नेमली गेली. ओरड झाल्यावर दोन-तीन दिवसांत त्यातलं ‘आंतरजातीय’ गाळलं. ‘आंतरधर्मीय’ राहिलं.

धमकीच्या बाबतीत आपला जिल्हा भाग्यवान म्हणायचा. तो जन्मला १ जुलै १९९८ रोजी, युती सरकारच्या काळात. जिल्हा पाच महिन्यांचा असताना, २ डिसेंबरला, मुंबईत गोरेगावच्या चित्रपटगृहात शिवसेनेच्या महिला आघाडीने ‘फायर’चा खेळ उधळला. दीपा मेहतांच्या त्या चित्रपटातल्या दोन जावा एकमेकींवर प्रेम करतात. नावं राधा आणि सीता. सेन्सॉरने हिंदी आवृत्तीत सीतेची नीता करून घेतली होती, तेवढ्याने भागलं नाही. बाळासाहेबांनी तोडगा सुचवला की दोघींना मुसलमान नावं द्या, आमची हरकत नाही. आक्षेप कशाला होता ते यावरून ज्याचं त्याने ठरवावं. आणि ज्यांच्या राज्यात आपल्याला कलेक्टर कचेरी मिळाली, त्या मुख्यमंत्री मनोहर जोशींनी काचा फोडणाऱ्यांचं अभिनंदन केलं. कायदा आणि सुव्यवस्था ज्याच्या हाती, त्यानेच पाठ थोपटल्यावर दुसऱ्या दिवशी दिल्लीतल्या काचाही फुटल्या, यात नवल नाही.

खेतियाच्या नाक्यापलीकडेही हीच शिस्त आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये डाबरच्या एका ब्लीचच्या जाहिरातीत दोन बायकांनी एकमेकींसाठी करवा चौथचा उपास धरला. मध्य प्रदेशच्या गृहमंत्र्यांनी कायदेशीर कारवाईचा इशारा दिला आणि कंपनीने जाहिरात गुंडाळून माफी मागितली. चाळणीतून चंद्र बघणाऱ्या बायका धर्मरक्षकांना नकोशा झाल्याचं हे एवढंच उदाहरण मला ठाऊक आहे.

विरोधी पक्ष काय करत होते, असं विचाराल. सुप्रिया सुळेंनी विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती सुचवणारं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं, २०२२ साली, तारीख १ एप्रिल. सभागृहाने तारखेचा मान राखला. पुढे केंद्राने राज्यांना मत विचारलं, तेव्हा नकार कळवणाऱ्यांत काँग्रेसचं राजस्थानही होतं. महाराष्ट्राने मुदत मागून घेतली. धडगावच्या रस्त्याची फाइल ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या उत्तराचा अर्थ सांगायला नको.

आता जरा गंभीर. केंद्राच्या प्रतिज्ञापत्रात भारतीय कुटुंबाची व्याख्या होती: जीवशास्त्रीय पुरुष तो नवरा, जीवशास्त्रीय स्त्री ती बायको, आणि त्यांची मुलं. ही व्याख्या फार जुनी आणि पवित्र असल्याने तिला धक्का लावू नये, असा एकंदर सूर. आपल्या जिल्ह्यात दहातली सात माणसं आदिवासी. हिंदू विवाह कायद्याचं कलम २ त्यांना त्या कायद्यातूनच बाहेर ठेवतं. सप्तपदी नाही, हुंडा नाही. देज मुलाकडचे देतात. पोरगी पोराबरोबर निघून गेली तर पंच बसतात, रक्कम ठरते, आणि लग्नाचं जेवण सवडीने होतं, कधी पोर रांगायला लागल्यावर. या सगळ्याला दिल्लीत संस्कार म्हणतात की नाही हे माहीत नाही. मात्र लग्न म्हणजे काय याची एकच रीत देशात आहे असं सांगणाऱ्याने आधी मोलगीच्या बाजारात येऊन तसं मोठ्याने म्हणून दाखवावं. देजेचा हिशेब करत बसलेले पंच त्याला बसायला जागा देतील, चहाही देतील.

केंद्राने आणखी एक म्हटलं होतं, की ही सगळी शहरी उच्चभ्रूंची हौस आहे. हे वाचून आपल्याकडे सुटकेचा नि:श्वास टाकायला हवा होता. आपल्याकडे उच्चभ्रू नाहीत. असतात ते निवडणुकीपुरते नाशिकहून येतात. तरीही गावातल्या दोन पोरी फार वेळ एकत्र दिसल्या की कुणाचा तरी मामा, कुठला तरी तालुकाध्यक्ष आणि देवळाचा नाहीतर चर्चचा एखादा विश्वस्त मोटारसायकलवर बसून घरी का येतो, हे कोडं आहे. आंतरधर्मीय जोडप्याचं एक बरं असतं. विशेष विवाह कायद्याखाली ३० दिवस त्यांची नोटीस फळ्यावर लागते, धमकी देणाऱ्याला पत्ता आयता मिळतो. या पोरींना फळ्यापर्यंत जाताच येत नाही. त्यामुळे बिचाऱ्या संस्कृतिरक्षकांना पेट्रोल स्वतःचं जाळावं लागतं.

सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालपत्रात लिहिलं की इंग्रजी बोलणारा शहरी बाबूच काय तो समलिंगी असतो असं नाही, गावात शेतावर राबणारी बाईही असू शकते. उसाच्या तोडीला टोळीबरोबर गुजरातेत जाणाऱ्या आपल्या बायांची दखल इतक्या वरच्या पातळीवर प्रथमच घेतली गेली. दखल घेऊन झाल्यावर पाचही न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की लग्नाचा मूलभूत हक्क नाही, जा संसदेकडे. त्यानंतर दीड महिन्यात नेपाळच्या लमजुंग जिल्ह्यातल्या एका ग्रामपालिकेने अशा एका जोडप्याचं लग्न नोंदवून टाकलं. डोंगराळ भाग, खेड्यातलं कार्यालय, २००६ पर्यंत हिंदू राष्ट्र. हिमालय कोसळल्याची बातमी अजून तरी नाही.

आपल्याकडे न्यायालयाच्या सूचनेवरून समिती बसली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये अन्न खात्याने राज्यांना कळवलं की अशा जोडीदारांना रेशनकार्डासाठी एकाच कुटुंबात धरावं. म्हणजे बोहल्यावर चढता येणार नाही, पण रेशनचा तांदूळ एकाच पिशवीत. नंदुरबारात लग्नाचा दाखला कुणी मागत नाही, रेशनकार्ड मात्र पावलोपावली लागतं. तेव्हा सरकारने अजाणता मोठीच गोष्ट देऊन टाकली, असं आमच्या ओळखीच्या दुकानदाराचं मत. न्यायालयात सॉलिसिटर जनरल तुषार मेहता यांना एक शंका फार छळत होती: अशा घरात नवरा कोण आणि बायको कोण धरायची? शंभराहून जास्त तरतुदी अडतील म्हणाले. दुकानदाराला मी हे सांगितलं. त्याने अंगठ्याच्या मशीनवरची धूळ पुसली आणि म्हणाला, यात अडायचं काय, अन्नसुरक्षा कायद्यात लिहिलंच आहे, घरातली वयाने मोठी बाई ती कुटुंबप्रमुख. दोघी आल्या तर आधार कार्डावरची जन्मतारीख बघू.