इमेजकाका

इमेजकाका साल सांगत नाहीत, लिनक्सचं व्हर्जन सांगतात. लग्न रेड हॅट नाइनच्या वेळचं, मुलगी सेंटओएस फाइव्हची, वाकडचा फ्लॅट सेंटओएस सेव्हन आलं तेव्हा घेतलेला. ऐकणाऱ्यानं मनातल्या मनात २००३, २००७, २०१४ असं मांडून घ्यायचं. खरं नाव पगाराच्या पावतीवर आहे. बाकी सगळे समोर 'सर' म्हणतात आणि मागे इमेजकाका.

क्लाउडवर सर्व्हर उभा करायचा तर आधी इमेज लागते: ऑपरेटिंग सिस्टिम बसवून, नीट लावून, तशीच्या तशी गोठवलेली डिस्क. तिच्यावरून मिनिटभरात हवे तेवढे सर्व्हर निघतात. कंपनी नव्या इमेज करत राहते आणि मुदत संपलेल्या काढून टाकते, असं नियमावलीत लिहिलंय. काढून टाकण्याचं काम काकांकडे आहे. म्हणूनच आमच्याकडे उबुंटू १२.०४ पासून पुढचं सगळं मिळतं.

पितरांच्या तिथी पाठ असाव्यात तशा काकांना या सिस्टिमांच्या शेवटच्या तारखा पाठ आहेत. सेंटओएस सिक्स, ३० नोव्हेंबर २०२०. सेव्हन, ३० जून २०२४. एटचं नाव निघालं की मात्र ते चष्मा काढून पुसायला घेतात. एटला २०२९ पर्यंतचा वायदा होता. डिसेंबर २०२० मध्ये तो अचानक मागे घेतला गेला आणि ३१ डिसेंबर २०२१ ला एट आटोपलं. त्यानंतर सेव्हन अडीच वर्षं जगलं. "थोरला बसलाय आणि धाकटा गेला," काका म्हणतात, "कुणाच्या घरात असं होऊ नये."

त्यांच्याकडे येणारा माणूस आवाज खाली करूनच येतो.

"सर, सेंटओएस सिक्स... असेल का?"

"कशाला?"

कारणं ठरलेली असतात. विमा कंपनीचं जुनं सॉफ्टवेअर, जे लिहून देणारे केव्हाच गाशा गुंडाळून गेलेत. १ जानेवारी २०२० लाच मुदत संपलेल्या पायथन २.७ वर अडकलेले हिशेब. नाहीतर एकाच गिऱ्हाइकाकडे दिसणारा बग, जो नव्या सिस्टिमवर काही केल्या तोंड दाखवत नाही.

"किती दिवस?"

"दोनच दिवस, सर."

मग काका इमेजचा आयडी सांगतात. 'एएमआय'च्या पुढे सतरा आकडे-अक्षरं, सगळी तोंडपाठ. लिहून देत नाहीत. लिहिलं की ऑडिटला पुरावा होतो.

आयडी मिळाला म्हणजे काम झालं असं समजून गेलेला पोरगा दहा मिनिटांत परत येतो. "सर, लॉगिनच होत नाही." काका खूश! ओपनएसएसएच ८.८ पासून, म्हणजे २०२१ पासून, जुन्या शा-वन पद्धतीच्या सह्या आपणहून मान्य होत नाहीत, आणि सिक्सच्या आरएसए कीकडे दुसरी सहीच नाही. काका एक ऑप्शन सांगतात. पोरगा आत शिरतो, सॉफ्टवेअर बसवायला 'यम' चालवतो आणि पुन्हा दारात. मिररलिस्ट सापडत नाही म्हणे. "सापडेल कशी? सगळं व्हॉल्टमध्ये, जुन्याच्या कोठारात गेलं. मिररलिस्टची ओळ कॉमेंट कर, बेसयूआरएल व्हॉल्टचा टाक." तिसरी खेप सर्टिफिकेटची. ३० सप्टेंबर २०२१ ला एक जुनं रूट सर्टिफिकेट संपलं, तेव्हापासून कितीतरी वेबसाइटांवर या म्हाताऱ्या सिस्टिमचा विश्वास उरलेला नाही. तेही काका निस्तरून देतात. चौथ्या खेपेला पोरगा चहा घेऊन येतो.

दोन दिवसांसाठी नेलेले हे सर्व्हर परत येत नाहीत. एकाचं नाव आहे 'टेम्प, दिवाळीनंतर डिलीट'. कुठली दिवाळी, ते लिहिलेलं नाही.

सुरक्षा विभागाच्या मॅडम आणि काका यांचं भांडण वॉनाक्राय या व्हायरसवर येऊन अडतं. विंडोज एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला होता, तरी मे २०१७ मध्ये वॉनाक्राय पसरलं तेव्हा मायक्रोसॉफ्टला एक्सपीसाठी पॅच काढावा लागला. "बघा, कंपनीसुद्धा जुन्याला टाकत नाही," काका म्हणतात. "बघा, तुमच्यासारख्यांमुळे काढावा लागला," मॅडम म्हणतात. दोघांचंही बरोबर असल्यामुळे बैठक पुढच्या आठवड्यावर जाते.

मॅडमच्या बाजूनं मात्र एक घटना जमा आहे. काकांची यादी चढत्या क्रमानं लागते, त्यामुळे सगळ्यांत वर सगळ्यांत जुनी इमेज. नव्यानं रुजू झालेल्या मुलानं पहिलं नाव दिसलं ते दाबलं. ती उबुंटू १२.०४ ची इमेज, हार्टब्लीड नावाचं भोक एप्रिल २०१४ मध्ये उघडकीला येण्याआधीची. त्यानं तिच्यावर वेबसाइट चढवली आणि दहा वर्षांपूर्वी बुजवलेलं भोक आमच्या कंपनीनं नव्यानं इंटरनेटवर उघडलं. काकांचं मत: "त्यानं विचारायला हवं होतं."

काकांच्या बाजूनंही एक जमा आहे. नव्या मॅनेजरनं स्वच्छता मोहीम काढली. आठ जीबीची इमेज ठेवायला महिन्याला डॉलरभरही लागत नाही, हे काकांनी सांगून पाहिलं. पण मोहिमेला आकडा दाखवायचा होता. जुन्या इमेज पुसल्या. काहीही झालं नाही, कारण चालू सर्व्हरला इमेज गेल्याचं कळतही नाही. कळलं ते गिऱ्हाइकाच्या सेलच्या रात्री. गर्दी वाढली, आणखी सर्व्हर आपोआप उभे राहायला निघाले, आणि साच्यात लिहिलेल्या आयडीची इमेजच जागेवर नव्हती. रात्री अकराला काकांना फोन. त्यांनी दुसऱ्या अकाउंटमध्ये प्रत ठेवली होती. पहाटेच्या आत सर्व्हर उभे राहिले. सकाळी काकांना दोन मेल आले: एक आभाराचा, एक विनापरवानगी प्रत ठेवल्याबद्दल खुलासा मागणारा. खाली सही एकाच माणसाची.

आता यातली गंमत अशी की काकांच्या स्वतःच्या लॅपटॉपवर जुनं काहीही नाही. फोनचा अपडेट आला की त्याच रात्री टाकतात. बँकेचं ॲप पॅचविना वापरणाऱ्याला वेडा म्हणतात. जुन्यावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. त्यांना नाही म्हणता येत नाही, एवढंच. समोरचा रडकुंडीला आला की हात आपोआप किल्लीकडे जातो, आणि त्या भिडेखातर आमच्या क्लाउडवर तप उलटून गेलेल्या सिस्टिम नांदताहेत.

माझं मत दोन्ही पक्षांना आवडणार नाही. जुनी इमेज पुसू नये, कारण ती पुन्हा तशीच बनवता येईल याची खात्री कुणी देत नाही. पण ती यादीतही मांडू नये. ॲमेझॉनच्या क्लाउडवर इमेज 'डेप्रिकेटेड' केली की इतरांच्या यादीतून नाहीशी होते, मात्र आयडी ठाऊक असलेल्याला तिच्यावरून सर्व्हर काढता येतो. तेवढं करा. असा सर्व्हर इंटरनेटपासून तोडून ठेवा आणि मागणाऱ्याकडून परतीची तारीख लिहून घ्या. फक्त ती लिहून घ्यायचं काम काकांना देऊ नका. ते 'दिवाळीनंतर' असं लिहून घेतील.