परदेशदौरेवाले अण्णा

काळेवाडीच्या प्रत्येक गल्लीत एक अण्णा असतातच. वडिलांच्या काळी पवनेकाठी ज्वारी पिकायची. आता त्याच जागेवर अण्णांच्या तीन मजली इमारतीत भाडेकरू पिकतात. तळमजल्यावर गाळे, मधल्या मजल्यावर चाकणच्या कंपन्यांत पाळीनं जाणारी पोरं आणि सर्वांत वर अण्णा. गळ्यात जाड साखळी, बोटांत अंगठ्या आणि तोंडी एकच वाक्य, "आपल्याला काय कमी हाय?"

अण्णा पंढरपूरला गुपचूप जाऊन येतात. युरोपला तसं जाणं त्यांना शोभत नाही. निघायच्या आठवडाभर आधी चौकात फ्लेक्स लागतो. कोटातले अण्णा, पाठीमागे आयफेल टॉवर, खाली गॉगलवाल्या शुभेच्छुकांच्या दोन रांगा आणि ठळक अक्षरांत जाण्याची व येण्याची तारीख. तारखा कशाला, असं छपाईवाला विचारत नाही; त्याला पैसे चौरस फुटावर मिळतात.

बाहेरगावी जाताना ठाण्यात कळवून जा, असं पोलीस दर सुट्टीच्या हंगामात सांगतात. अण्णांनी काळेवाडी फाट्यापासून पिंपरी कॅम्पापर्यंत सगळ्यांना कळवलेलं असतं. फक्त पोलीस तेवढे राहिलेले असतात.

घर फुटल्याची खबर अण्णांना मिळते ती युंगफ्राउयोखला, 3,454 मीटर उंचीवर, युरोपातल्या सर्वांत उंच रेल्वे स्थानकात. तिथं दुपारचा एक वाजलेला, काळेवाडीत साडेचार. पहिली पाळी करून आलेल्या भाडेकरूनं वरचा जिना चढून पाहिलेलं असतं.

"अण्णा, कोयंडा उचकाटलाय."

"कुणी?"

या प्रश्नाचं उत्तर भाडेकरूकडे नसतं. मग अण्णा तपासाची सूत्रं हाती घेतात, व्हिडिओ कॉलवरून. पाठीमागे बर्फ, कानावर माकडटोपी. "कपाट उघड. आतला ड्रॉवर ओढ. गादी उलटी कर. देव्हाऱ्यामागं हात घाल." एक जण फोन धरतो, चार जण हात घालतात, उरलेली गल्ली दारात उभी राहून सूचना देते. पोलिसांबरोबर ठसेतज्ज्ञ येईस्तोवर घरात अख्ख्या गल्लीच्या बोटांचे ठसे उमटलेले असतात. त्यांत चोराचे कुठले, हे आता चोरच सांगू शकेल.

"कॅमेरे हायेत ना चार!" अण्णा बर्फातून गरजतात. कॅमेरे जागेवर असतातच. ज्यात चित्रण साठतं तो डीव्हीआर तेवढा चोरांनी नेलेला असतो.

फिर्यादीचं फारसं अडत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यानं तक्रार इलेक्ट्रॉनिक मार्गानंही देता येते, फक्त तीन दिवसांत सही करावी लागते. तीन दिवसांत अण्णा फार तर पॅरिसला पोचणार, म्हणून पुतण्या फिर्याद देतो. अडचण येते ती पुढच्या प्रश्नाला.

"सोनं किती होतं?" हवालदार विचारतात.

फोन स्पीकरवर असतो. इकडे गल्ली कान टवकारते, तिकडे सहलीतली मंडळी. गल्लीत अण्णा वर्षानुवर्षं चाळीस तोळे सांगत आलेले. चाळीस म्हणावं तर पावत्या दाखवाव्या लागणार. खरं सांगावं तर गल्लीत पुन्हा कोणत्या तोंडानं यायचं? चोरी झाल्याचं दुःख आहेच, पण चोरी एवढीच झाली हे जाहीर होण्याची धास्ती त्याहून मोठी. अण्णा रेंज गेल्याचं नाटक करणार, तोच काकू फोन ओढून घेतात.

"साहेब, सव्वातीन तोळे. पावत्या माझ्या पर्समधे हायेत. बाकी बँकेच्या लॉकरात. आन् ह्यांच्या गळ्यात हाय ती एक ग्रॅमवाली."

पंचनाम्यात सव्वातीन लिहिलं जातं. शेवटचं वाक्य कागदावर येत नाही, पण गल्लीच्या लक्षात कायमचं राहतं.

विम्याचा आधार शोधावा तर तिथंही गंमत. 2021 पासून मिळणाऱ्या 'भारत गृह रक्षा' या प्रमाणित विम्यात आग, भूकंप, पूर यांचं नुकसान भरून मिळतं. चोरीचं मिळतं, पण ती अशा आपत्तीपायी आणि तिच्यानंतर सात दिवसांत झालेली असेल तरच. नुसत्या घरफोडीसाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. एजंट हे समजावतो तेव्हा अण्णा विचारतात, "मंजी चोराच्या आधी भूकंप यायला पायजे व्हता का?"

दौरा अर्धवट सोडून अण्णा परतत नाहीत. पैसे भरलेले असतात. परतल्यावर आठ दिवसांत ते सावरतात आणि नवं वाक्य शोधून काढतात, "एवढ्या काळेवाडीत आपलंच घर का फोडलं? वजन हाय म्हणून!" चोरीसुद्धा स्वतःच्या मोठेपणात जमा करणारा हा माणूस कुठल्याही कायद्यानं सुधारणार नाही.

तुम्ही मात्र एवढं करा. युरोपला जरूर जा, दागिने लॉकरात ठेवा, डीव्हीआर चटकन हाती लागणार नाही अशा जागी बसवा आणि ठाण्यात कळवून निघा. फोटो परत आल्यावर टाका. आणि घरात सोनं किती आहे, हे गल्लीला सांगण्याआधी एकदा बायकोला विचारा.