वाकडा वाडगा

आमचे साडू चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहेत. बुशचा व्यास वीस मायक्रॉननं चुकला, की अख्खा लॉट लाल क्रेटमध्ये. भोसरीतले व्हेंडर त्यांचा फोन वाजला की आधी पाणी पितात, मग उचलतात. हाच माणूस संध्याकाळी तळवडे चौकातलं ट्रॅफिक उपसून निगडीला घरी पोचतो, हातपाय धुतो आणि शोकेसमधून एक वाकडा, चिरा गेलेला, चुलीतून ओढून काढल्यासारखा वाडगा काढून मांडीवर घेऊन बसतो. एकदा त्यांनी त्याला व्हर्नियर लावून पाहिलं. ओव्हॅलिटी चार मिलिमीटर भरली, तेव्हा मुलगा बोर्डात आल्यासारखा चेहरा झाला होता.

हे दुखणं नागोयाजवळच्या ट्रेनिंगचं. बाकीच्यांनी येताना चॉकलेटं आणली. पण नागोयाचा विमानतळच मुळी तोकोनामे या कुंभारांच्या गावालगत, समुद्रात भराव घालून केलेला. साडू सुटणार कसे? तोकोनामे, सेतो, शिगाराकी, एचिझेन, ताम्बा, बिझेन या जपानच्या सहा जुन्या भट्ट्या. अष्टविनायकाच्या चालीवर ते सांगतात, "आमचे दोन झालेत, चार राहिलेत."

खरी भक्ती बिझेनवर. "ग्लेझ नाही, रंग नाही. नुसती माती. दहा-बारा दिवस अहोरात्र लाकडं सारायची. राख उडून भांड्यावर बसते, वितळते, तीच नक्षी!"

"म्हणजे प्रोसेस कंट्रोलमध्ये नाही," मी म्हणालो. त्यानंतर दोन आठवडे आमचं बोलणं बंद होतं.

बिझेन ओकायामा प्रांतात, आणि सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बेतलेलं. म्हणून साडूंच्या हिशेबी बिझेन म्हणजे पुण्याची सोयरीकच. (बागेला ज्यांचं नाव आहे, त्यांच्या तावडीत साडू सापडले नाहीत हे मराठी वाचकाचं नुकसान.)

1955 साली जपाननं आपले पहिले 'जिवंत राष्ट्रीय ठेवे' जाहीर केले, त्यात माशिकोचे शोजी हामादा होते. ते पुढंपुढं भांड्यावर सही करत नसत. सही लाकडी डब्यावर. त्या डब्याला म्हणतात तोमोबाको. तो हरवला की भांड्याचा भाव कोसळतो. "डबा म्हणजे टेस्ट सर्टिफिकेट," साडू समजावतात. त्यांच्याकडे हामादा नाही, त्यासाठी फ्लॅट काढावा लागेल. पण बिझेनच्या एका कुंभाराचा सहीशिक्क्याचा डबा आहे.

म्हणजे, होता. गेल्या महिन्यात त्यात दालचिनी आणि दगडफूल निघालं. साडूंनी माईंना, म्हणजे आपल्या आईलाच, शॉपफ्लोअरवरच्या सवयीनं फाइव्ह-व्हायला बसवलं.

"डबा का घेतलास?"

"रिकामा होता."

"रिकामा का होता?"

"वाडगा तू काचेत मांडलास ना."

"मग त्यात मसाला का?"

"लाकूड हलकं आहे, ओल धरत नाही." (हे बरोबर. ते किरीचं लाकूड, जपानी लोक त्याचसाठी वापरतात.)

"विचारलं का नाहीस?"

"तू चाकणला होतास."

पाचवा 'का' साडूंना सुचेना. तो माईंनीच विचारला.

"एवढे पैसे मोजलेस, मग त्या कुंभारानं तो सरळ का नाही करून दिला?"