बर्फावर गाडी घसरवण्याचा प्रयोग (नवशिक्यांसाठी)

उद्देश : जानेवारीत मनालीहून अटल बोगद्याकडे जाताना स्वतःच गाडी चालवत असूनही निव्वळ प्रवासी बनणे.

साहित्य : एक्स्प्रेसवेवर कमावलेला आत्मविश्वास, मैदानी टायर (७ अंश सेल्सिअसखाली त्यांचे रबर कडक होते, म्हणून खास पसंती) आणि मागच्या सीटवर सल्लागार काका. साखळ्या डिकीतच राहू द्याव्यात.

कृती :

१. पहाटे निघा. दिवसा वितळलेले पाणी रात्री गोठते, पण थर पारदर्शक असल्याने खालचे डांबर दिसते आणि रस्ता नुसता ओला वाटतो. सावलीतली वळणे आणि पूल खास निवडा. पुलाला वरून-खालून थंड वारा लागत असल्याने तो आधी गोठतो.

२. पुढच्या गाडीला चिकटून राहा. बर्फावर थांबायला दहापट अंतरही लागू शकते, पण एवढी जागा सोडली तर मध्ये कोणीतरी घुसेल.

३. ब्रेक वळणातच दाबा, तोही कचकन. टायरची असेल नसेल ती पकड थांबण्यात संपते, वळायला काही उरत नाही. एबीएसमुळे पेडल थरथरले तर बिघाड समजून पाय उचला.

४. गाडी घसरली की दरीकडे टक लावून पाहा. नजर जाते तिकडे हात जातात.

५. फोर बाय फोर असल्यास बिनधास्त राहा. चारही चाकांना ताकद मिळते ती निघताना. थांबताना तिचे टायर इतरांसारखेच.

६. ९.०२ किलोमीटरच्या बोगद्यात बर्फ नसतो. तिथला वेग बाहेर पडल्यावरही कायम ठेवा.

निरीक्षण : शून्य अंशाजवळचा बर्फ फार निसरडा असतो, कारण वर पाण्याचा पापुद्रा असतो. उणे वीसला पकड उलट बरी. त्यामुळे ऊन पडताच काका ‘आता काही भीती नाही’ म्हणतील.

प्रयोग फसण्याची कारणे : स्थानिक चालक. हा इसम दुसऱ्या गिअरवर गाडी उचलतो, वेग वळणाआधीच कमी करतो आणि उतारावर खालच्या गिअरवर इंजिनालाच गाडी आवरू देतो. घसरली तर ॲक्सिलरेटर सोडून, जायचे असेल तिकडे स्टिअरिंग हलकेच वळवतो. रात्री हँडब्रेक गोठू नये म्हणून गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावतो. काकांचे तर ऐकतच नाही. अशाच्या हाती किल्ली दिल्यास प्रयोग हमखास फसतो आणि सगळ्यांना बोगद्यापलीकडच्या सिस्सूत बसून चहा प्यावा लागतो.