येलदरीचा येवा आणि विसरलेला 'सी'

समाकलन, म्हणजे अवकलनाने केलेली मोडतोड उलट्या पावली निस्तरण्याची क्रिया, समजून घेण्यासाठी परभणी जिल्ह्यातील बारावीच्या विद्यार्थ्याला जिंतूर तालुक्यापलीकडे जावे लागत नाही, कारण पूर्णा नदीवरील येलदरी धरण पावसाळाभर तेच करत असते. धरणात येणाऱ्या पाण्याचा दर, म्हणजे येवा, क्युसेकमध्ये (दर सेकंदाला घनफूट) मोजतात, आणि विसर्ग व बाष्पीभवन तूर्त बाजूला ठेवले तर येव्याचे समाकलन म्हणजेच वाढलेला साठा होय. येवा सहा तास १०० क्युसेकवर शिस्तीत थांबला, तर २१,६०,००० घनफूट पाणी वाढले हे साध्या गुणाकाराने कळते. परंतु पूर्णेला शिस्तीची सवय नसल्याने वेळेचे अतिसूक्ष्म तुकडे पाडून त्यांतील पाण्याची बेरीज करावी लागते. या बेरजेसाठी लायब्निट्झने १६७५ मध्ये 'सुम्मा' या लॅटिन शब्दाच्या आद्याक्षरावरून जे लांबट चिन्ह योजले, त्याचे शिवारातील विजेच्या तारेवर टाकलेल्या आकड्याशी असलेले साम्य निव्वळ योगायोगाचे मानावे.

घातांकाचा नियम सरळ आहे: घातांक एकने वाढवावा आणि नव्या घातांकाने भागावे, म्हणजे क्ष² चे क्ष³/३ होते. घातांक उणे एक असेल तर मात्र शून्याने भागण्याची पाळी येते, आणि लघुगणकाला शरण जावे लागते. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' हे ऐकत वाढलेल्या विद्यार्थ्याला ही तडजोड वेगळी शिकवावी लागू नये. बेरजेतील पदे वाटणी झालेल्या भावांसारखी सुटी सुटी सोडवता येतात, गुणाकारातील पदांचा सातबारा मात्र सामाईक असतो: क्ष गुणिले क्ष चे समाकलन क्ष³/३ येते, आणि परस्पर वाटणी करणाऱ्याच्या पदरी क्ष⁴/४ हे चुकीचे उत्तर पडते.

राहिला 'सी', म्हणजे समाकलनाचा स्थिरांक. येवा कितीही अचूक मोजला तरी पहिल्या पावसाआधी धरणात किती पाणी होते हे तो सांगत नाही, आणि तो आधीचा साठा म्हणजेच 'सी'. सकाळ आणि संध्याकाळ यांमधील फरकच हवा असेल, तर वजाबाकीत 'सी' उडून जातो. यालाच निश्चित समाकलन म्हणतात. एरवी 'सी' गाळणारा विद्यार्थी येलदरी दर जूनला तळापर्यंत कोरडे पडते असे लेखी देत असतो, आणि त्याबद्दल त्याचे गुण कापले जातात. दुष्काळी सालात मात्र उपयुक्त साठा शून्यावर येतो आणि हेच उत्तर जवळजवळ बरोबर ठरते.