एक उरतोच

यूएस ओपन भरते न्यूयॉर्कच्या फ्लशिंग मेडोज या सार्वजनिक उद्यानात. तिथल्या आर्थर ॲश स्टेडियममध्ये खुर्च्या २३,७७१ आणि कोर्टाची लांबी २३.७७ मीटर. म्हणजे दर मिलिमीटरला एक प्रेक्षक. वर एक उरतोच; तो शेवटच्या रांगेतला, ज्याला चेंडू दिसत नाही. पण स्पर्धा आटोपली की त्याच संकुलातल्या कोर्टांवर तोही पैसे भरून रॅकेट फिरवू शकतो.

आमच्या भागात असला भोंगळपणा चालत नाही. आराखड्यात आधी व्हीआयपी कक्ष, मग कोनशिला, मग पार्किंग. जागा उरलीच तर कोर्ट. 'सार्वजनिक' हा शब्द मात्र फाटकावर ठळक रंगवलेला. फाटकाला कुलूप. चावी वॉचमनकडे. वॉचमन जेवायला गेलाय.